आधी पाणी, मग मासे

आमच्या हाऊसच्या कॉमन रूममध्ये फिशटँक आणायचे ठरत आहे. वार्षिक इन्स्पेक्शनच्या दोन दिवस आधी टाकी आणायची, त्याच संध्याकाळी मासे सोडायचे आणि पाहुणे येतील तेव्हा दिवा लावून ती झगमगवायची, अशी योजना आहे. हाऊस मीटिंगमध्ये सगळ्यांनी हात वर केले, मी केला नाही. त्यामुळे ज्युनिअर मुलांना वाटले की मला मासे आवडत नाहीत. माझ्या शेजारच्या कॉटवरचा मित्र तर म्हणाला, "तुला फक्त खायला आवडतात." सगळे हसले, मीही हसलो, आणि बोलायचे राहून गेले.

त्या दिवशी जे बोलता आले नाही ते इथे लिहितो. माझे मत असे आहे: टाकी जरूर आणावी, पण पहिला महिना-दीड महिना तिच्यात एकही मासा सोडू नये. तेवढे थांबायची तयारी नसेल, तर टाकी आणूच नये.

हे मत मी पुस्तकात वाचून बनवलेले नाही. ते बनायला नऊ मासे मेले आहेत, आणि ते माझ्या हातून मेले आहेत.

पप्पांचे पोस्टिंग सध्या जबलपूरला आहे. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधल्या काकूंची निघायची गडबड चालली होती. त्यांच्या बदलीची ऑर्डर आली होती. फौजी घरातल्या मुलांना हे दृश्य सांगायला नको. अंगणात काळ्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगाने लिहिलेली नावे, आणि जे बरोबर नेता येत नाही ते शेजाऱ्यांना देणे. काकूंनी त्यांचे मासे आदल्या दिवशी कुणाला तरी दिले होते. टाकी आम्हाला दिली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. सोबत हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर आणि खडी. माझ्या धाकट्या बहिणीचा, चिऊचा, वाढदिवस चार दिवसांवर होता. मी ठरवले की तिला मासे भेट द्यायचे.

आता, टाकी साफ करायची म्हटल्यावर आपण कॅडेट ती कशी करणार? इन्स्पेक्शनला करतो तशी. मी खडी पाच पाण्यांनी धुतली. काच वर्तमानपत्राने घासून अशी केली की हात लावायला भीती वाटावी. फिल्टरचा स्पंज तपकिरी, बुळबुळीत झाला होता. तो नळाखाली धरून पिळून पिळून नवा दिसेल इतका स्वच्छ केला. पप्पांनी पाहिले आणि म्हणाले, "शाळेत काहीतरी शिकलास म्हणायचं." मला फार अभिमान वाटला. मग नळाचे पाणी भरले, पंप लावला आणि वाढदिवसाच्या संध्याकाळी बारा मासे आणले: चार गप्पी, चार निऑन टेट्रा, दोन मॉली आणि दोन एंजल.

दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखे पांढुरके झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक निऑन तळाशी पडलेला दिसला. मी ताबडतोब सगळे पाणी काढले, खडी धुतली, स्पंज पुन्हा पिळला आणि ताजे पाणी भरले. चौथ्या दिवशी आणखी दोन गेले. मी पुन्हा सगळे धुतले. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होते. चिऊला वाटले त्यांना भूक लागली आहे, म्हणून ती त्यांना दिवसातून चार वेळा खाऊ घालू लागली. आठव्या दिवशी टाकीत तीनच मासे उरले: दोन गप्पी आणि एक मॉली. बाकीचे नऊ क्वार्टरमागच्या पेरूच्या झाडाखाली पुरले होते.

त्या संध्याकाळी चिऊने विचारले, "दादा, तू रोज एवढं धुतोस, मग मरतात कशाला?"

मी म्हणालो, "दुकानदाराने आजारी मासे दिले."

हे खोटे होते. त्या वेळी मला ते खोटे आहे हे माहीत नव्हते, पण खरे आहे हेही माहीत नव्हते. दुसऱ्याच्या माथी मारणे सोपे होते म्हणून मारले. सुट्टी संपली. उरलेले तीन मासे आईच्या गळ्यात टाकून मी शाळेत परत आलो. ते तीनही आठवडाभरात जातील, याबद्दल मला शंका नव्हती.

रविवारी फोनवर मी विचारायचो, "आहेत का?" आई म्हणायची, "आहेत." दुसऱ्या रविवारी आहेत. तिसऱ्या रविवारी आहेत. ऑगस्टमध्ये एका रविवारी चिऊने फोन हिसकावून घेतला आणि ओरडली, "दादा, अकरा झाले!" गप्पी अंडी घालत नाही, तिला थेट पिल्ले होतात. जी टाकी मी आठ दिवसांत स्मशान केली होती, तिच्यात आता पिल्ले पोहत होती.

मी आईला विचारले की तू नेमके काय केलेस. तिला त्यात सांगण्यासारखे काही वाटत नव्हते. ती म्हणाली, "काही नाही रे. रोज सकाळी दोन तांबे पाणी काढते आणि तुळशीला घालते. रात्री बादली भरून ठेवलेली असते, त्यातलं दोन तांबे टाकीत घालते. खायला चिमूटभर, तेही एकदाच. चिऊचा हात आवरला." आणि स्पंज? "पाणी जात होतं तर कशाला धुवायचा? एकदा फार गच्च झाला तेव्हा काढलेल्या पाण्यातच खळबळून घेतला." याशिवाय तिने मनी प्लँटची एक फांदी मुळे पाण्यात सोडून टाकीच्या कडेला अडकवली होती. का, तर "छान दिसते."

एवढेच. मी जे जे केले होते त्यातले तिने काही केले नव्हते. जे मी केले नव्हते ते तिने रोज थोडे थोडे केले होते.

मग मी लायब्ररीत बसून शोधले, तेव्हा कळले की याचे उत्तर आपण आठवीलाच शिकलो होतो आणि पेपर झाल्यावर विसरलो होतो. नायट्रोजन चक्र! परीक्षेत आपण बाणांची आकृती काढून गुण घेतले. तीच आकृती टाकीत चालू असते.

मासे त्यांच्या कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडतात. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनिया होतो. नदीत तो वाहून जातो, विरून जातो. टाकीत तो जाणार कुठे? तो साठतो आणि माशांचे कल्ले जाळतो. मासे वर येऊन तोंड उघडत होते ते भुकेने नव्हे, त्यांना श्वास घेता येत नव्हता म्हणून. निसर्गात याला एक उपाय आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते. पण दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि नायट्रेट त्यामानाने पुष्कळच निरुपद्रवी असते. वनस्पती ते खत म्हणून घेतात. जे उरते ते थोडे थोडे पाणी बदलून काढून टाकता येते.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते खडीवर, काचेवर आणि सर्वांत जास्त फिल्टरच्या स्पंजवर थर करून राहतात, कारण तिथे त्यांना प्राणवायू आणि अन्न दोन्ही मिळते. काकूंच्या स्पंजवरचा तो तपकिरी बुळबुळीत थर, जो मी अभिमानाने पिळून काढला, त्यातच हे जिवाणू होते. जे थोडे वाचले असतील ते नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मारले. क्लोरीन घालतातच जिवाणू मारण्यासाठी, त्याला चांगले आणि वाईट कसे कळणार? आणि नवीन टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी त्यांना एक दिवसही दिला नाही. रोज धुऊन रोज पहिल्या दिवसावर आणत राहिलो.

आता आईचे गणित पाहा. दोन तांबे म्हणजे साधारण दोन लिटर. आठवड्याला १४ लिटर. आमच्या टाकीत सुमारे ५० लिटर पाणी मावते, म्हणजे आठवड्याला पावपटीहून थोडे जास्त पाणी बदलले गेले. पुस्तकेही साधारण तेवढेच सांगतात. बादलीत रात्रभर उघडे राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन बऱ्याच अंशी उडून जातो. स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळल्याने जिवाणू टिकले. मनी प्लँटची मुळे नायट्रेट शोषत होती, आणि उरलेले तुळशीला खत म्हणून जात होते. आई म्हणते आमची तुळस या वर्षी फार जोरात आहे. ती असणारच.

म्हणून माझे म्हणणे असे की आपण मासे पाळतच नाही. आपण पाणी पाळतो. पाणी नीट असेल तर मासे आपोआप राहतात. पाणी तयार नसताना आणलेला मासा म्हणजे रसद, पाणी आणि तंबू यांची सोय न करता पुढे पाठवलेली तुकडी. असे करणाऱ्याला आपल्या वर्गात कोणी शाबासकी देणार नाही. मग कॉमन रूममध्ये का द्यावी?

यावर मला जी उत्तरे मिळाली, त्यांचाही विचार करतो.

पहिले उत्तर असे की मासा काय, दहा-वीस रुपयांचा जीव, मेला तर दुसरा आणू. हे मला मान्य नाही. किंमत दुकानातली असते, जीव माशाचा असतो. तो दहा रुपयांचा आहे म्हणून त्याचे कल्ले कमी जळत नाहीत. माशाची आठवण तीन सेकंदांची असते असेही आपल्यात कोणीतरी ठामपणे सांगितले. तेही खरे नाही. मासे खाण्याची वेळ आणि जागा शिकतात. चिऊ शाळेतून आली की आमच्या टाकीतले सगळे मासे समोरच्या डाव्या कोपऱ्यात गोळा होतात, कारण ती तिथेच खाऊ टाकते.

दुसरे उत्तर असे की मग टाकी नकोच, काचेच्या गोल भांड्यात एक फायटर ठेवू. हा विचार फार जणांना पटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फायटर मासा मूळचा थायलंडकडचा. २०१९ मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केले. कल्ल्यांखेरीज हवेतून प्राणवायू घेण्याचे आणखी एक इंद्रिय त्याला असते, त्यामुळे तो वर येऊन हवा गिळतो आणि ज्या पाण्यात इतर मासे गुदमरतील तिथे तगतो. यावरून लोकांनी ठरवले की तो भांड्यात सुखी असतो. पण हवा गिळून अमोनिया टळत नाही. तो भातखाचरांत राहतो हे खरे, पण भातखाचर उथळ असले तरी लांबरुंद असते आणि त्यात झाडे असतात. भांड्यात दोन लिटर पाणी, फिल्टर नाही, हिवाळ्यात ऊब नाही. फायटर तिथे मरायला इतर माशांपेक्षा जास्त दिवस घेतो, एवढाच त्याचा गुन्हा. पाण्याचे प्रमाण जितके कमी तितकी चूक लवकर विषारी होते. म्हणून नवशिक्याने लहान भांडे नव्हे, मोठी टाकी घ्यावी.

तिसरे उत्तर माझ्या एका शाकाहारी मित्राचे आहे आणि ते मला सर्वांत अवघड वाटते. तो म्हणतो, नदीतला जीव काचेत कोंडायचाच कशाला? शिवाय तू मेसमध्ये मासे खातोस, तू कोणत्या तोंडाने बोलतोस? खरे आहे, मी खातो. सातारा जिल्ह्यात आमच्या गावी आजीच्या हातचे नदीचे मासे मी बोटे चाटून खातो. पण मला त्यात फरक दिसतो. मराठीत आपण मासे 'पाळतो' म्हणतो. शब्दही पाळतो, वेळही पाळतो, शिस्तही पाळतो. हे एकच क्रियापद आहे. ज्याला पाळायचे म्हणून घरी आणले त्याला आपण एक शब्द दिलेला असतो, की तुझी नदी काढून घेतली, आता तुझ्या पाण्याची काळजी माझी. हा शब्द जो पाळू शकतो त्याने टाकी ठेवावी. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी माझ्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे, त्याने मासे नदीतच राहू द्यावेत.

चौथे उत्तर टिंगलीचे आहे: कॅडेटने आणि मासे निरखत बसायचे? त्यांना मी तीन नावे सांगतो. १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर पुस्तक लिहून आपल्या झेब्रा माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन करणारे फ्रान्सिस हॅमिल्टन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर होते. दख्खनच्या माशांवर लिहिणारे कर्नल साइक्स हे मुंबई फौजेतले अधिकारी होते आणि काही माशांना त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडची मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. भारताच्या माशांवरचा मोठा ग्रंथ १८७५ पासून प्रसिद्ध करणारे फ्रान्सिस डे हे मद्रासच्या फौजेतले सर्जन होते. तेव्हा निरखत बसणे फौजी माणसाला शोभत नाही, असे निदान इतिहास तरी म्हणत नाही.

आता कोणते मासे आणावेत यावरही हाऊसमध्ये वाद आहे. बहुतेकांना एंजल, निऑन आणि काच साफ करणारा सकर हवा आहे. माझे मत वेगळे आहे. निऑन टेट्रा हा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, नव्या टाकीतला थोडासा बिघाडही त्याला सोसत नाही आणि तो सहा-आठच्या थव्यातच सुखी असतो. सकर दुकानात बोटाएवढा दिसतो पण फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो. मग लोक तो तळ्यात सोडून देतात आणि तिथल्या माशांच्या जागेवर तो पसरतो. आपल्या देशात हे कोलकात्याजवळच्या पाणथळीत आणि केरळात झालेले आहे. 'मिस केरला' म्हणून मिळणारा लाल पट्ट्याचा मासा तर सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या वाहत्या, स्वच्छ ओढ्यांतला आहे आणि संकटग्रस्त जातींत मोडतो. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला 'सह्याद्रिया' असे नाव दिले. सह्याद्रीचे नाव लावणारा मासा आपण दोन फुटांच्या काचेत कोंडू नये, असे मला वाटते.

पहिल्या टाकीसाठी झेब्रा घ्यावेत. ते आपल्याच देशातले आहेत, चिवट आहेत, सहा-आठ मिळून दिवसभर धावतात आणि थोडी थंडी सोसतात. किंवा गप्पी घ्यावेत. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही ओळ गावाकडच्या भिंतीवर आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. गप्पी मात्र परदेशी, दक्षिण अमेरिकेतला. त्याला आपल्या मनाने ओढ्यात किंवा नदीत सोडणे योग्य नाही. आणि तो वाढतो फार, हे आईला विचारा.

यानंतर आपल्या हाऊसच्या अडचणी. आपण हॉस्टेलमध्ये राहतो, घरी नाही. घरच्या टाकीला एक आई असते. हाऊसच्या टाकीला सत्तर मालक असतात, म्हणजे एकही नसतो. सत्तर जणांनी चिमूट चिमूट खाऊ टाकला तर दोन दिवसांत पाणी नासेल. म्हणून महिन्याच्या ड्यूटी रोस्टरवर दोनच नावे असावीत, त्यांनीच खाऊ घालावा, त्यांनीच पाणी बदलावे आणि वहीत लिहावे. बाकीच्यांनी बघावे.

जागाही आताच ठरवायला हवी. ५० लिटर पाणी म्हणजे पाणीच ५० किलो, वर काच आणि खडी. कॅरमच्या स्टँडवर ही टाकी ठेवता येणार नाही. खिडकीतही नको, कारण उन्हाने शेवाळ वाढते आणि पाणी तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साधारण साडेसात. या मोठ्या टक्केवारी नाहीत असे वाटेल, पण पीटीनंतर खोलीतली हवा तेवढी कमी केली तर आपल्याला कसे वाटेल, याचा विचार करा.

सर्वांत मोठा प्रश्न सुट्टीचा आहे. सुट्टी लागली की हाऊस बंद होते आणि मेन स्विच खाली ओढतात. पंप थांबला की स्पंजवरच्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही आणि ते मरू लागतात. मासे त्यानंतर. म्हणजे आपण घरी आमरस खात असू तेव्हा टाकीत काय होईल ते मला जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी लिहायचे नाही. शाळेच्या आवारात वर्षभर राहणाऱ्यांपैकी कोणी टाकी सांभाळायला तयार आहे का, हे मासे आणायच्या आधी विचारावे. 'नाही' असे उत्तर आले तर आपला बेतही 'नाही' असावा. त्यात कमीपणा नाही.

मला माहीत आहे की इन्स्पेक्शनला सगळे चकचकीत दिसायला हवे. बूट, बक्कल, बेडशीटच्या घड्या. मीही त्याचे गुण मिळवले आहेत. पण बूट एका रात्रीत चमकवता येतो, पाणी नाही. काही गोष्टी अशा असतात की त्यांची चमक हाताने आणता येत नाही, फक्त वेळ देऊन त्यांना बिघडू न देता येते. मी धुण्याला शिस्त समजलो. आईने रोजच्या दोन तांब्यांना शिस्त असे नावही दिले नव्हते, ती फक्त एकही सकाळ चुकली नाही.

माझी हाऊसमास्टर सरांना आणि हाऊस कॅप्टनना विनंती आहे ती अशी. टाकी याच महिन्यात आणावी. खडी आणि दोन-चार साधी पाणवनस्पती घालावीत, रात्रभर ठेवलेले पाणी भरावे, पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. दर दोन दिवसांनी माशांच्या खाऊची एक चिमूट टाकावी, म्हणजे ती कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना अन्न मिळेल. पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंब दुकानात मिळतात. आपल्या केमिस्ट्री लॅबची आवड असलेल्या मुलांनी आठवड्यातून एकदा तपासून वहीत नोंद करावी. खाऊची चिमूट टाकूनही दोन्ही शून्य येऊ लागले की मगच सहा झेब्रा आणावेत. बाकीचे नंतर.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी जाणार आहे. परत येताना आमच्या टाकीतला स्पंजचा अर्धा तुकडा त्याच पाण्याच्या पिशवीत घालून रेल्वेने घेऊन येईन. तो आपल्या फिल्टरला जोडला की जिवाणूंची पहिली तुकडी तयार मिळेल आणि वाट पाहणे कमी होईल. तो दिसायला घाण असेल. कृपा करून कोणी धुऊ नये.

यामुळे इन्स्पेक्शनला पाहुण्यांना मासे नसलेली टाकी दिसेल. दिसू द्या. कोणी विचारले तर टाकीजवळच्या ज्युनिअरने सावधान उभे राहून सांगावे, "सर, पाणी तयार होत आहे, मासे नंतर येणार आहेत." मला वाटते, ज्यांनी आयुष्यभर सैन्यात काम केले आहे त्यांना हे उत्तर पटेल.

आणि त्याच सुट्टीत मला आणखी एक काम आहे. चिऊला सांगायचे आहे की दुकानदाराने आजारी मासे दिले नव्हते.